नवी पाटी घ्यावी का?

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरचा कोणी विद्वान वक्ता बोलवायचा, अशी आपली आजवरची चाल. यंदा कार्यकारिणीने ठरविले की, मंडळातल्याच चौघींनी आपापल्या घरातल्या एकेका प्रश्नावर बोलावे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा मोठमोठ्या विषयांना मी हात घालीत नाही. सध्या आमच्या घरी पोळी-भाजीबरोबर जो एक विषय रोज ताटात वाढला जातो, तोच आपल्यापुढे मांडते. चेहरा ओळखून उघडणारा नवा टॅब येणार येणार म्हणतात. तर तो घ्यावा, की आहे त्यावरच भागवावे?

यात काय मोठेसे, असे काही जणींना वाटेल. पण हल्ली हा प्रश्न घरोघर आहे. वस्तू चालू असते, काम देत असते, आणि तरी दर वर्षी तिची नवी बहीण बाजारात येते. पूर्वी शिवणयंत्र एकदा घेतले की सुनेच्या हाती जाईपर्यंत तेच चाले. आता तसे राहिलेले नाही. म्हणून केव्हा बदलायचे, हे आपणच बायकांनी शिकून घेतले पाहिजे, असे मला वाटते.

आमच्या घरी जो टॅब आहे त्याला सासूबाई ‘पाटी’ म्हणतात. मलाही तोच शब्द आवडतो. दगडी पाटीएवढाच आकार, आणि बोटाने लिहायचे. ॲपल कंपनीने पहिला आयपॅड २०१० साली आणला. आमच्याकडे तो आला २०२० च्या दिवाळीत. साथीमुळे शाळा बंद होत्या, धाकटीचे वर्ग पडद्यावर भरत, आणि थोरल्याच्या फोनवर दिवसभर तिचा हक्क चालेना. तेव्हा भिशीचे पैसे काढून त्या वर्षीचा साधा आयपॅड घेतला. किंमत २९,९०० रुपये. आमच्या घराला ती जडच होती.

घेतला मुलीसाठी, पण तिच्या शेजारी भाजी निवडत बसता बसता मीही शिकले. आज त्यावर मी काय काय करते ते सांगते. मंडळाचा जमाखर्च लिहिते. विजेचे बिल पाहते. भजनांचे शब्द मोठ्या अक्षरांत करून ठेवते, म्हणजे चष्मा शोधावा लागत नाही. पुण्याला असलेल्या नणंदेशी आम्ही सासू-सुना रविवारी त्यावरून बोलतो. सासूबाई दुपारी कीर्तन ऐकतात. हे रात्री बातम्या बघतात. थोरला चित्रे काढतो. म्हणजे घरात माणसे पाच आणि पाटी एक.

आता कुलपाकडे वळते. आमच्या पाटीला खाली एक गोल बटण आहे. त्यावर बोट ठेवले की ती उघडते. थोरल्याचे म्हणणे असे की, ही पद्धत जुनी झाली. “आई, आता नुसते बघायचे आणि उघडायचे. बटण नाही, काही नाही. पडदाही मोठा.” त्याचे खोटे नाही. ॲपलने चेहऱ्याचे हे कुलूप २०१७ साली फोनमध्ये आणले आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये टॅबमध्ये घातले, तेही सर्वांत महाग जातीच्या, आयपॅड प्रोमध्ये.

हे कुलूप चालते कसे, ते मी त्याच्याकडून दोन-तीनदा समजावून घेतले. आपल्याला समजेल अशा शब्दांत सांगते. आपण ठिपक्यांची रांगोळी काढतो. सपाट अंगणात ठिपके सरळ रांगेत पडतात. तेच ठिपके एखाद्या पाट्यावरवंट्यावर काढायला गेले, तर उंचसखल भागावर ते इकडेतिकडे सरकतील. हे यंत्र आपल्या चेहऱ्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचे ३०,००० हून अधिक ठिपके टाकते. नाक वर, डोळ्यांच्या खोबणी आत, गाल फुगीर. त्याप्रमाणे ठिपके सरकतात. ते कसे सरकले यावरून चेहऱ्याचा उंचसखलपणा यंत्र आकड्यांत मांडते. पुढच्या वेळी पुन्हा ठिपके टाकून आकडे जुळतात का ते पाहते. जुळले तर दार उघडते. उजेड स्वतःचाच असल्यामुळे हे अंधारातही चालते. चष्मा घातला, डोक्याला रुमाल बांधला, तरी सहसा अडत नाही. आणि हे आकडे टॅबच्या आतच एका बंद कप्प्यात राहतात, बाहेर कोठे पाठविले जात नाहीत, असे कंपनी सांगते.

यात सोय आहे, हे मी मोकळेपणाने कबूल करते. कणकेचे हात असले की बोटाचे बटण उघडत नाही. धुणे-भांडी करून बोटे ओली असली तरी तेच. दुसरे असे की, झोपलेल्या माणसाचे बोट कोणीही लावू शकतो. मी दुपारी जरा पडले की आमच्या धाकटीने हा प्रयोग केलेला आहे! चेहऱ्याच्या या कुलपाला डोळे उघडे लागतात, आणि नजर पडद्याकडे लागते. झोपलेल्या आईचा त्याला उपयोग नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आयुष्यभर राख-मातीने भांडी घासलेल्या बायकांच्या बोटांच्या रेषा झिजतात. वय झाले म्हणजे त्या आणखी पुसट होतात. आमच्या सासूबाईंचे बोट आमची पाटी दहा वेळा लावल्यावर एकदा घेते. त्या म्हणतात, “मेल्या यंत्राला माझे काम दिसत नाही, नुसती रेघ पाहिजे.” अशा बाईला चेहऱ्याने उघडणारी पाटी म्हणजे मोठाच दिलासा.

पण भगिनींनो, चेहरा ओळखतो म्हणून जे जे विकले जाते ते सारे एका मोलाचे नसते. ठिपके टाकणारी ही व्यवस्था महाग पडते. पुष्कळशा स्वस्त टॅबमध्ये नुसता समोरचा कॅमेरा असतो. तो चेहऱ्याचे साधे छायाचित्र घेतो आणि जुन्या छायाचित्राशी ताडून पाहतो. अशा कुलपापुढे त्या माणसाचा फोटो धरला तरी ते फसण्याचा संभव असतो. काही कंपन्या आपल्या माहितीपत्रकात स्वतःच लिहितात की, आमच्या चेहऱ्याच्या कुलपापेक्षा आकड्याचे कुलूप अधिक सुरक्षित. ते बारीक अक्षर दुकानदार वाचून दाखवीत नाही, आपण वाचून घ्यावे लागते. दुकानात “चेहरा ओळखतो का?” एवढेच न विचारता, “कशाने ओळखतो, ठिपक्यांनी की साध्या कॅमेऱ्याने?” असे विचारावे. विक्रेता गोंधळला, तर काय समजायचे ते समजावे.

ठिपक्यांच्या कुलपालाही मर्यादा आहेत. जुळी भावंडे, अगदी सारखी दिसणारी भाऊ-बहीण, आणि तेरा वर्षांखालची मुले यांच्या बाबतीत चूक होण्याचा संभव अधिक असतो, असे ॲपलच सांगते. पाच वेळा चेहरा जुळला नाही, किंवा यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले, किंवा ४८ तास उघडलेच नाही, तर ते आकडेच मागते. म्हणजे चेहरा काय, बोट काय, हे वरचे कडी-कोयंडे. आतले खरे कुलूप आकड्यांचेच. तो आकडा जन्मतारखेचा किंवा १२३४५६ असा ठेवला, तर वर कितीही भारी चेहरा-यंत्र बसवून उपयोग नाही.

आता पैशाचे गणित. साध्या आयपॅडचा मार्च २०२५ मध्ये आलेला प्रकार ३४,९०० रुपयांपासून होता, आणि त्याला चेहऱ्याचे कुलूप नाही, वरच्या बटणात बोटाचेच आहे. चेहऱ्याचे कुलूप असलेला आयपॅड प्रो २०२४ साली आला तो ९९,९०० रुपयांपासून. म्हणजे जवळजवळ तिप्पट. या जास्तीच्या ६५,००० रुपयांत केवळ कुलूप येते असे नाही. पडदा चांगला, वेग मोठा, चित्रे काढणाऱ्याला व चित्रपट जोडणाऱ्याला त्याचा फार उपयोग. पण जमाखर्च, भजन, कीर्तन आणि बातम्या यांना तो वेग लागत नाही. तांदूळ निवडायला सोन्याचे सूप घेतले म्हणून खडे लवकर निघत नाहीत.

त्यातच भांड्याबरोबर झाकणही बदलावे लागते, हे लक्षात ठेवावे. २०२२ पासून साध्या आयपॅडची चार्जिंगची पिन बदलली आणि आकारही बदलला. जुनी वायर नव्याला लागत नाही, जुने कव्हर बसत नाही. चित्रे काढायची जुनी पेन्सिलही प्रोला चालत नाही. किमतीच्या पाटीवर हा खर्च लिहिलेला नसतो.

थोरला म्हणतो, “आई, थोडे थांबू. पुढच्या खेपेला साध्या टॅबमध्येही चेहरा येईल.” असे दर दिवाळीला ऐकू येते. येईलही. पण २०१८ साली महाग टॅबमध्ये आलेले हे कुलूप सात वर्षांनी, २०२५ सालच्या साध्या टॅबमध्येही उतरलेले नव्हते, हे मी त्याला दाखविले. वाट पाहण्याला पैसे पडत नाहीत, म्हणून वाट जरूर पाहावी. पण येणार येणार म्हणून हातातले काम अडवून ठेवू नये, आणि आल्याबरोबर धावूही नये.

इथपर्यंत झाला सोयीचा आणि पैशाचा विचार. यापुढचा विचार मला अधिक महत्त्वाचा वाटतो. नवी पाटी आली, तर तिच्यात चेहरा कोणाचा?

ॲपलच्या चेहऱ्याच्या कुलपात एक चेहरा नोंदता येतो, आणि २०१८ पासून ‘दुसरे रूप’ म्हणून आणखी एक. म्हणजे फार तर दोन. बोटाच्या कुलपात पाच बोटे नोंदता येतात. आमच्या घरी माणसे पाच. आज आमच्या पाटीत आम्हा पाचही जणांचे एकेक बोट आहे. नव्या पाटीत दोन चेहरे बसवायचे झाले, तर ते कोणाचे बसतील, हे मी सांगायला नको. एक थोरल्याचा, कारण तोच सारे बसवून देणार. दुसरा यांचा, कारण घरातले कर्ते. मग माझे, सासूबाईंचे आणि धाकटीचे काय? “आई, आकडा टाकून उघड ना.” हो, उघडू. पण हळूहळू असे होते की, ज्याचा चेहरा आत तो मालक आणि बाकीच्या पाहुण्या. यात थोरल्याचा दुष्टावा नाही, तो मुलगा फार गुणी आहे. पण वस्तूची रचनाच एका माणसाच्या सोयीची असली, म्हणजे घरातल्या बाकीच्यांना विचारून वापरायची सवय लागते.

आपल्या आज्या-पणज्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. कोठीची किल्ली जिच्या हाती तिचा शब्द घरात चाले. आजची कोठी म्हणजे ही पाटी. तिच्यात आपला जमाखर्च, मुलांचे दाखले, बँकेचा हिशेब. तिची किल्ली आपल्या हाती असावी, एवढेच माझे म्हणणे.

ज्यांना अँड्रॉइडचा टॅब घ्यायचा असेल त्यांना एक चांगली सोय सांगते. अशा बऱ्याच टॅबवर घरातल्या प्रत्येकाचे वेगळे खाते उघडता येते, जसे एका कपाटात प्रत्येकाचा वेगळा खण. ज्याचा खण त्याचे कुलूप. घरच्या आयपॅडवर ही सोय नाही. घेण्यापूर्वी दुकानात हे विचारून पाहावे.

पाच बोटांच्या पद्धतीतही एक धोंड आहे, तीही सांगायला हवी. बँकेचे ॲप बोटाने उघडायचे ठेवले, तर त्याला कोणाचे बोट हे कळत नाही. टॅबमध्ये नोंदलेले कोणतेही बोट त्याला चालते. म्हणून पैशाचे ॲप बोटावर ठेवू नये. त्याला निराळा आकडा ठेवावा, आणि तो ज्याचा त्यालाच माहीत असावा. आमच्या घरी मी तसेच केले आहे.

माझ्या माहेरच्या आळीतली एक हकीकत सांगते. नावे सांगत नाही. गृहस्थ पन्नाशीतले, दोन दिवसांच्या आजारात गेले. विम्याचे कागद, ठेवींचे आकडे, कोणाला उसने दिले, कोणाचे घेतले, सारे त्यांच्या फोनमध्ये. फोन उघडे त्यांच्या चेहऱ्याने. आतला आकडा त्यांच्याखेरीज कोणालाच ठाऊक नव्हता. तेराव्यानंतर ती बिचारी तो फोन हातात घेऊन दुकानोदुकानी फिरली. सगळ्यांनी एकच सांगितले, उघडता येत नाही; सारे पुसून नव्याने सुरू करता येईल. पुसून तिला काय मिळणार होते? शेवटी घरातली जुनी पाकिटे, बँकेची पुस्तके, पोस्टाच्या पावत्या धुंडाळून सहा महिन्यांत तिने निम्मे-अर्धे जुळविले. निम्मे राहिले ते राहिलेच.

कुलूप जितके पक्के तितके हे संकट मोठे. त्यासाठी नवा टॅब लागत नाही, एक साधे पाकीट लागते. आकडा कागदावर लिहून, पाकीट चिकटवून, घरातल्या कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवावे, आणि दोघा विश्वासाच्या माणसांना ते कोठे आहे एवढेच सांगावे. ॲपलने डिसेंबर २०२१ पासून आणखी एक सोय केली आहे. आपल्यामागे आपल्या खात्यातील माहिती कोणाला मिळावी, त्याचे नाव आधी नोंदता येते. मृत्यूचा दाखला आणि एक किल्लीवजा आकडा दिला की त्या माणसाला खात्यात साठविलेली माहिती मिळू शकते. ही सोय आमच्या जुन्या पाटीतही आहे. सासूबाईंना हे समजावून सांगत होते, तेव्हा त्या म्हणाल्या, “माझे तोंड पाहून उघडणारे कुलूप माझ्याबरोबर सरणावर जाईल, पाकीट घरात राहील.” म्हाताऱ्या माणसाचे बोलणे ऐकायला कठोर वाटते, पण खरे असते.

आता कोणी विचारील की, सरकारी कामात हल्ली चेहरा मागतात, त्याला तरी नवा टॅब लागेल ना? नाही लागत, आणि यात पुष्कळांचा घोटाळा होतो. आमचे मामंजी रेल्वेत होते. त्यांच्यामागे सासूबाईंना कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. त्यासाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. बोटांच्या झिजलेल्या रेषांमुळे यंत्रापाशी त्यांना फार तिष्ठत बसावे लागे. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘जीवन प्रमाण’च्या दाखल्यासाठी चेहऱ्याची सोय केली. आता थोरल्याच्या साध्या अँड्रॉइड फोनवर, घरच्या ओट्यावर बसून, हे काम होते. या कामात फोनचे कुलूप कसले आहे याला काही महत्त्व नाही. तिथे चेहरा जुळवितात तो आधारकडच्या नोंदीशी, फोनच्या कप्प्यातल्या आकड्यांशी नव्हे.

दोन्हींतला हा फरक नीट लक्षात ठेवावा. टॅबचे कुलूप विचारते, “तू या घरचीच ना?” आणि उत्तर घरातच राहते. बाहेरची पडताळणी विचारते, “तू अमुकच ना?” आणि तिचे उत्तर बाहेरच्या नोंदीशी ताडले जाते. अंगणवाडीतून घरी न्यायच्या पोषण आहारासाठी १ जुलै २०२५ पासून चेहऱ्याची पडताळणी आवश्यक केली आहे. आपल्यातल्या काही जणींच्या लेकी-सुना तिथे उभ्या राहतात. तिथे “चेहरा देऊ की नको” असे त्यांना कोणी विचारीत नाही. आणि आकडा फुटला तर बदलता येतो, चेहरा काही बदलता येत नाही. म्हणून जिथे विचार करायला आपल्याला मोकळीक आहे, त्या आपल्या घरात तरी आपण विचार करून ठरवावे.

आमच्या घरी काय ठरले ते आता सांगते. मी पाटीपुढे चार प्रश्न ठेवले. पहिला, कोणते काम तिच्यावाचून अडून राहिले आहे? एकही नाही. दुसरा, सुरक्षेच्या दुरुस्त्या कंपनीकडून येतात का? येतात. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली नवी प्रणालीसुद्धा या २०२० सालच्या पाटीने घेतली. ज्या दिवशी या दुरुस्त्या येणे बंद होईल, त्या दिवशी बँकेचे काम तिच्यावर करायचे नाही, आणि मग बदलीचा विचार करायचा. तिसरा, तिचे दुखणे बरे होण्याजोगे आहे का? कोपऱ्याला काच तडकली आहे, ती माझ्या हातून ओट्यावर पडली तेव्हाची. वर संरक्षक काच लावून भागते. बॅटरी पाच-सहा वर्षांत उतरते, हा सगळ्याच बॅटऱ्यांचा धर्म. ती बदलून मिळते, आणि बदलण्याचा खर्च नव्या पाटीच्या मानाने फारच थोडा. चौथा, नवी घेतली तर ती कोणाची होईल? याचे उत्तर मी आधीच दिले आहे.

चारही उत्तरे ऐकून हे म्हणाले, “मग राहू दे.” थोरला थोडा हिरमुसला. त्याला मी सांगितले, “तुला चित्रांच्या कामासाठी मोठी पाटी खरोखर लागत असेल, तर तू मिळवता झालास की तुझ्या पैशाने, तुझ्या चेहऱ्याची घे. ती तुझी. ही घराची.” त्याला ते पटले. दुसऱ्या दिवशी त्यानेच आजीला आकडा दाबायला बसविले. सहा आकडे त्यांनी जपमाळेसारखे बोटांवर घोळवून चार दिवसांत पाठ केले. आता त्यांना चेहराही नको आणि बोटही नको. कीर्तनाची वेळ झाली की स्वतःच उघडतात.

आणि भिशीचे जे पैसे यंदा माझ्या वाट्याला आले, त्यांचे काय करायचे, हेही ठरले आहे. आज आपल्या सर्वांपुढे सांगते, म्हणजे मागे फिरता येणार नाही. १७ नंबरचा अर्ज भरून मी दहावीला बाहेरून बसणार आहे. शाळा सुटली तेव्हा माझे बारावे-तेरावे वर्ष चालू होते. माहेरी भावंडे लहान, आई आजारी, कोणाला दोष देण्यासारखे त्यात काही नव्हते. पुस्तकांना, गणिताच्या शिकवणीला आणि फीला पैसे लागतील. पाठ्यपुस्तके या जुन्या पाटीवर वाचता येतात, आणि न समजलेले गणित पुन्हा पुन्हा लावून पाहता येते. पाटी काही कंटाळत नाही. धाकटी म्हणाली, “आई, मी शिकले त्याच पाटीवर तू शिक.” मला तर त्या क्षणी ती काच तडकलेली पाटी नव्याहून नवी वाटली.

माझे म्हणणे असे नव्हे की, कोणीच नवा घेऊ नये. एखादी वृद्ध बाई एकटी राहते, तिची बोटे चालत नाहीत, आकडे ध्यानात राहत नाहीत, मुले परगावी आहेत. तिच्यासाठी चेहऱ्याने उघडणारा चांगल्या जातीचा टॅब म्हणजे चैन नव्हे, आधार आहे. तिच्या मुलांनी तो अवश्य घ्यावा. ज्यांचे पोट चित्रांवर, नकाशांवर चालते त्यांनीही घ्यावा. बाकीच्यांनी आपापल्या घरात हे चार प्रश्न मांडावे, आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या व सगळ्यांत लहान माणसालाही त्या बैठकीत बसवावे.

ज्यांना जुनी वस्तू काढायचीच असेल त्यांनी दोन गोष्टी कराव्या. तिच्यातले आपले खाते काढून, सर्व काही पुसून मग ती द्यावी. आणि ती बोहारणीला किंवा भंगारवाल्याला देऊ नये. आत बॅटरी असते, फोडली तर पेट घेते. अशा वस्तू परत गोळा करण्याची जबाबदारी आपल्या देशात २०२२ च्या नियमांनी, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, कंपन्यांवर टाकलेली आहे. दुकानात विचारले तर कोठे द्यायची ते सांगतात.

शेवटी एक सूचना कार्यकारिणीपुढे ठेवते. महिन्यातून एका गुरुवारी, भजनानंतर अर्धा तास, ज्यांना आपापला फोन किंवा टॅब स्वतः उघडता-वापरता येत नाही अशा भगिनींना मी आणि आमची धाकटी मिळून शिकवू. फी काही नाही. येताना चष्मा मात्र आणावा, आणि आकड्याचे पाकीट घरी कपाटात ठेवून यावे!